शेवटच्या तासाची ताकद

पुण्याहून मुंबईला जाऊन परत पुण्यात यायचं, अशी 300 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, असते. त्यासाठी 20 तास मिळतात. सव्वादोनशे किलोमीटर संपत आले की खोपोली येतं आणि जुन्या रस्त्यानं शिंग्रोबाच्या देवळाकडे जाणारा चढ समोर उभा राहतो. इंग्रजांना बोरघाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, अशी आख्यायिका आहे. गाडीवाले इथं नाणं टाकून, हात जोडून पुढं जातात. सायकलवाले बहुतेक वेळा देवळाच्या कट्ट्यावर बसतात, कारण त्यांच्यानं पुढं जाववत नाही.

मी या कट्ट्यावर अनेकदा बसलो आहे. तिथं बसून एक गोष्ट मात्र पक्की कळली. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला त्या चढावर धाप लागत नाही. छाती शांत असते आणि हृदयाचे ठोके सकाळपेक्षा फार वर गेलेले नसतात. शेजारच्याशी बोलताही येतं. पाय मात्र ऐकत नाहीत. सकाळी लोणावळ्याच्या अलीकडचे चढ ज्या गिअरवर सहज निघाले, तोच गिअर आता दगडाला बांधल्यासारखा वाटतो. आपण सायकलवाले वर्षभर दम वाढवण्यामागे लागलेले असतो, आणि नेमक्या वेळी कमी पडते ती ताकद. मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे आहेत हेच बरं आहे. सायकल चालवणाऱ्यानं वजनं उचलावीत की नाहीत, हा वाद या दोन शब्दांमधल्या जागेत घडतो.

आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ सायकलपटूंना आम्ही सगळे काका म्हणतो. तरुणपणी शर्यती गाजवलेला माणूस. त्यांना मी पहिल्यांदा विचारलं, ‘‘काका, जिम लावू का?’’ ते म्हणाले, ‘‘कशाला रे? वजनं मारलीस की पाय जड होतात. घाट चढायचाय ना? मग घाटच चढ.’’ त्यांच्या पिढीतले जवळपास सगळेच हे म्हणायचे, आणि ते उगाच म्हणत नव्हते. त्यांचं म्हणणं गणितात मांडलं तर ते किती भक्कम आहे हे दिसतं.

समजा, सपाट रस्त्यावर एखादा चांगला सायकलपटू 250 वॉटनं पेडल मारतो आहे. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, 172.5 मिलिमीटरचा आणि केडन्स 90, म्हणजे मिनिटाला 90 फेरे. पेडल ज्या वर्तुळात फिरतं त्यावर त्याचा वेग होतो सेकंदाला साधारण 1.6 मीटर. पॉवर म्हणजे जोर गुणिले वेग. 250 ला 1.6 नं भागलं की येतात सुमारे 155 न्यूटन, म्हणजे पंधरा-सोळा किलोचा जोर, आणि तोही दोन्ही पायांचा मिळून सरासरी. घाटात केडन्स 60 वर आला तर तेवढ्याच पॉवरला साडेतेवीस किलो लागतात. पेडल खाली जाताना मधल्या क्षणी हा जोर दुपटीच्या आसपास जातो, पण तरी काय? पाण्याचा 20 लिटरचा जार उचलून डिस्पेन्सरवर ठेवणारा माणूस याहून फार वेगळं काही करत नाही. एका पायावर स्वतःचं अख्खं वजन पेलून जिना चढणाऱ्याला आणखी ताकद हवी कशाला?

हा युक्तिवाद बरोबर आहे. त्यात एकच गोष्ट राहून जाते. तो जार एकदा उचलायचा नसतो. 90 केडन्सनं तासाला 5400 फेरे होतात. चार तासांत एकेका पायाला एकवीस हजारांहून जास्त वेळा खाली दाबावं लागतं, आणि दर वेळी त्यासाठी मिळतो सेकंदाचा जेमतेम तिसरा भाग. त्यामुळे पायाला तो जार उचलता येतो का, याला फारसा अर्थ उरत नाही. पायाच्या एकूण ताकदीचा कितवा हिस्सा दर फेऱ्याला खर्च होतो, ते पाहायला हवं.

मांडीच्या स्नायूत असंख्य तंतू असतात आणि मज्जासंस्था ते सगळे एकदम कामाला लावत नाही. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एलवुड हेनेमन यांनी 1950 आणि 60 च्या दशकांत दाखवून दिलं की हे तंतू ठरावीक क्रमानं उठतात. आधी लहान गटांतले मंद तंतू, जे जोर कमी लावतात पण थकत नाहीत. त्यांच्यानं भागलं नाही की मोठ्या गटांतले जलद तंतू, जे जोर भरपूर लावतात पण साखर झपाट्यानं जाळतात आणि लवकर गळतात. लग्नघरात पंगत वाढायला आधी घरची माणसं उभी राहतात आणि माणसं कमी पडली की बाहेरून वाढपी बोलवावे लागतात, तसंच हे. वाढपी येतात, काम उरकतात, पण खर्च वाढतो.

घरच्या माणसांचीच ताकद वाढली तर वाढपी उशिरा बोलवावे लागतात. जड वजनं उचलल्यानं सायकलवर हेच घडतं. मंद तंतू बळकट झाले की तोच पंधरा-सोळा किलोचा जोर ते जास्त वेळ स्वतः सांभाळतात आणि जलद तंतू राखीव राहतात. शिवाय आवळलेला स्नायू आपल्यातल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. कमाल ताकदीच्या मानानं जोर कमी लागला की स्नायू सैल असण्याचा काळ वाढतो आणि रक्ताला वाट मिळते. पहिल्या तासात यातलं काहीही जाणवत नाही. जाणवतं ते चौथ्या, आठव्या, चौदाव्या तासाला, शिंग्रोबाच्या चढावर.

आता पुराव्याकडे येऊ, कारण इथं गैरसमजाची एक मोठी गाठ आहे. अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट हिक्सन यांचा 1980 सालचा प्रयोग या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतो. हिक्सन स्वतः वजनं उचलणारे गडी. सेंट लुईसला जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत गेल्यावर ते त्यांच्याबरोबर पळायला लागले आणि कमावलेलं शरीर उतरायला लागलं, असं सांगतात. पुढं स्वतःची प्रयोगशाळा झाल्यावर त्यांनी तीन गट केले. एक नुसती ताकद कमावणारा, एक नुसता दम कमावणारा आणि एक दोन्ही करणारा. दहा आठवड्यांचा कार्यक्रम. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत वाढली आणि मग घसरायला लागली. ‘दोन्ही एकत्र करू नका’ हा निष्कर्ष तिथून जगभर पसरला.

त्या प्रयोगात नुकसान ताकदीचं झालं होतं. दमाचं झालंच नव्हतं. दोन्ही करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता नुसता दम कमावणाऱ्यांइतकीच वाढली होती. म्हणजे घाबरायचं असेल तर पैलवानानं सायकलला घाबरावं. सायकलवाल्यानं वजनांना घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. शिवाय तो तिसरा गट आठवड्यातले पाच दिवस वजनं उचलत होता आणि सहा दिवस दमाचा व्यायाम करत होता. असलं वेळापत्रक कोणता नोकरदार सायकलपटू पाळणार?

याच हिक्सन यांनी 1988 मध्ये उलट बाजूनं प्रश्न विचारला. सायकल आणि पळणं यांत आधीच मुरलेल्या आठ जणांना, त्यांचा नेहमीचा सराव चालू ठेवून, आठवड्यातून तीनदा पायांची जड वजनं दिली. दहा आठवड्यांनी पायांची ताकद 30 टक्क्यांनी वाढली. ऑक्सिजनची कमाल क्षमता होती तिथंच राहिली. पण कमाल क्षमतेच्या 80 टक्क्यांवर सायकल मारत राहायला सांगितलं, तेव्हा आधी 71 मिनिटांत थकणारे लोक आता 85 मिनिटं टिकले. दम तोच होता, पण तो आता जास्त वेळ पुरला. पहिल्या प्रयोगाला मिळाली त्याच्या निम्मीही प्रसिद्धी या दुसऱ्याला मिळाली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सायकलपटूंच्या कितीतरी पिढ्या वेगळ्या घडल्या असत्या.

मधली बरीच वर्षं प्रश्न तसाच राहिला. तो पुन्हा नीट हाती घेतला नॉर्वेतल्या लिलेहामरच्या बेंट रोनेस्टाड यांनी. त्यांचा मला सर्वांत आवडणारा प्रयोग 2011 च्या सुमाराला प्रसिद्ध झाला, आणि त्याची मांडणी पाहिली की वाटतं, या माणसानं नक्कीच कुठल्यातरी घाटात रात्र काढली असणार. प्रयोगशाळांमध्ये साधारणपणे ताज्या पायांची चाचणी घेतात. रोनेस्टाड यांनी सायकलपटूंना आधी 185 मिनिटं, म्हणजे तीन तासांहून जास्त वेळ, मध्यम वेगानं पेडल मारायला लावलं आणि मग सांगितलं, आता पाच मिनिटं जीव तोडून मारा. बारा आठवडे आठवड्यातून दोनदा जड वजनं उचललेल्या गटाची त्या पाच मिनिटांतली पॉवर सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. नुसती सायकल चालवलेल्या गटाची वाढली नाही. तीन तासांतल्या शेवटच्या तासात वजनं उचललेल्यांचे हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजनचा वापर आधीपेक्षा कमी झाला होता. पहिल्या तासात मात्र फरक दिसला नव्हता.

डेन्मार्कमध्ये पेअर ऑगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय पातळीवरच्या तरुण सायकलपटूंच्या मांडीतला स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. सोळा आठवड्यांच्या वजनांनंतर सगळ्यांत लवकर थकणाऱ्या तंतूंचं प्रमाण 5 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आलं आणि जोरकस पण टिकाऊ अशा मधल्या प्रकारच्या तंतूंचं प्रमाण 26 वरून 34 टक्क्यांवर गेलं. 45 मिनिटांच्या चाचणीत त्यांची सरासरी पॉवर 8 टक्क्यांनी वाढली. ही मुलं आधीच देशातली निवडक होती. अशांच्या बाबतीत एक-दोन टक्के मिळाले तरी प्रशिक्षक खूश होतात.

सगळेच प्रयोग असे जुळत नाहीत. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात डेव्हिड बिशप आणि सहकाऱ्यांनी सरावलेल्या महिला सायकलपटूंना बारा आठवडे स्क्वॉट करायला लावले. ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढली, पण तासाभराच्या चाचणीत काडीचाही फरक पडला नाही. पुढं 2016 मध्ये नॉर्वेतल्या महिलांवर झालेल्या प्रयोगात मात्र 40 मिनिटांच्या चाचणीत स्पष्ट सुधारणा दिसली. मी दोन्हींमधला फरक असा वाचतो: पहिल्या प्रयोगात व्यायाम एकच होता, दोन्ही पायांचा स्क्वॉट. नॉर्वेत एका पायाचे व्यायाम होते, आणि गुडघा वर ओढणारे स्नायूही त्यात धरलेले होते. पेडल एका वेळी एकच पाय दाबतो. ताकद तशीच कमावली तर ती पेडलपर्यंत पोचते.

आता येतो तो मुद्दा, ज्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं. वजनं उचलायची म्हणजे कसली?

मी पहिल्यांदा जिम लावली तेव्हा तिथल्या ट्रेनरनं विचारलं, ‘‘सर, काय खेळता?’’ सायकल म्हटल्यावर त्यानं मला हलक्या वजनांचे वीस-वीस रेपचे चार-चार सेट लिहून दिले. ‘‘तुम्हाला एन्ड्युरन्स पाहिजे ना, मग रेप जास्त.’’ ऐकायला पटतं. मी अख्खा पावसाळा ते मन लावून केलं. घामाच्या धारा लागायच्या, मांड्या पेटायच्या. ऑक्टोबरमध्ये घाटात गेलो तर सगळं जिथल्या तिथं.

तासाला 5400 वेळा हलका जोर लावणाऱ्या पायाला आणखी ऐंशी वेळा हलका जोर लावून काय मिळणार? त्याच्याकडे ते आधीच मुबलक आहे. तालमीतल्या बैठकांबद्दल मला अतोनात आदर आहे. शेकड्यांनी बैठका मारणाऱ्या पैलवानाच्या मांड्या आपण पाहिलेल्या असतात. पण त्यासोबत तो कुस्ती खेळतो, समोरच्याचं अख्खं वजन अंगावर घेतो. सायकलवाल्यानं नुसत्या दोनशे बैठका मारल्या तर तो पेडलच मारतो आहे, फक्त सायकलशिवाय. मोठा गिअर टाकून 40 केडन्सनं चढ चढण्याची जी पद्धत आहे तिचंही तेच. 250 वॉटला 40 केडन्सनं पेडलवर पस्तीस किलोचा जोर पडतो. गुडघ्याला तो पुष्कळ वाटतो, मांडीला किरकोळ असतो. नॉर्वेतच 2014 मध्ये प्रौढ सायकलपटूंवर हे करून पाहिलं आणि कामगिरीत सुधारणा मिळाली नाही.

लिलेहामरच्या कार्यक्रमात व्यायाम चारच होते: अर्धा स्क्वॉट, एका पायाचा लेग प्रेस, एका पायानं गुडघा वर ओढणं आणि पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. प्रत्येकाचे तीन सेट. सुरुवातीला ज्या वजनाचे जेमतेम दहा रेप होतात ते वजन, आणि बारा आठवड्यांच्या शेवटाकडे जेमतेम चारच होतात ते. मोजण्याची ही रीत मला फार आवडते. वजन किलोत ठरत नाही, अकरावा किंवा पाचवा रेप होत नाही यावर ठरतं. खाली जाताना सावकाश, वर येताना होईल तितक्या वेगानं.

पुढच्या पावसाळ्यात मी असं करून पाहिलं. पाठीवर बार घेतला आणि पहिल्यांदा कळलं की जड म्हणजे काय. दुसऱ्या रेपला श्वास आपोआप कोंडला जातो. चौथ्याला खालून उठताना बार मध्येच क्षणभर थांबतो. आपण पूर्ण जोरानं उठतो आहोत असं आपल्याला वाटत असतं, आणि आरशात दिसणारा माणूस इंचाइंचानं वर येत असतो. पण स्नायूंना हवा असतो तो वेगानं उठण्याचा प्रयत्न, बार किती वेगानं उठतो ते नाही. बार रॅकवर ठेवला की दोन-तीन मिनिटं काही करायचं नाही. सायकलवाल्याला हे सगळ्यांत अवघड जातं, कारण धाप लागलेली नसते, घामही फारसा नसतो आणि वाटतं की आपण वेळ वाया घालवतो आहोत. दुसऱ्या दिवशी इमारतीचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे दुखणं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. त्या आठवड्यांत सायकलवर वेग शोधू नये.

वजन वाढेल ही भीती घाट चढणाऱ्यांना असते, आणि ती समजण्यासारखी आहे, कारण चढावर दर किलोमागची पॉवर मोजली जाते. पण तासन्‌तास सायकल चालवणाऱ्याचं शरीर फुगत नाही. हिक्सन यांनी 1980 मध्ये पाहिलेला अडथळा इथं आपल्या कामाला येतो. नॉर्वेच्या प्रयोगांत मांडीच्या स्नायूचा छेद चार-पाच टक्क्यांनी वाढला, अंगाचं वजन जवळपास तेवढंच राहिलं.

वेलोड्रोमवर स्प्रिंट मारणाऱ्यांची गोष्ट अगदीच वेगळी. एकच गिअर, उभ्या जागेवरून सुरुवात, काही सेकंदांसाठी 2000 वॉटच्या वर. तिथं जिम हा सरावाचा अर्धा भाग असतो आणि ‘उपयोग होतो का’ असा प्रश्न कुणी विचारत नाही. 2019 च्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सुवर्ण जिंकणारी आपली मुलं, एसो आल्बेन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग, याच प्रकारातली.

नॉर्वेचे सायकलपटू वजनं उचलतात हिवाळ्यात, कारण रस्त्यावर बर्फ असतं. आपला हिवाळा म्हणजे सायकलचा खरा हंगाम. आपल्यासाठी जिमचा काळ पावसाळा. वटपौर्णिमेला सुरू केलं आणि अनंत चतुर्दशीला थांबलं तर अधिक महिना नसलेल्या वर्षी साधारण साडेबारा आठवडे भरतात. पुढं हंगामात सगळं सोडून द्यायचं नाही. रोनेस्टाड यांनीच दाखवलं आहे की हंगामात आठवड्यातून एकदा वजनं चालू ठेवली तर कमावलेली ताकद तीन महिने टिकते आणि सायकलवरची सुधारणाही टिकते. मी तो एक दिवस बुधवारी ठेवतो, म्हणजे रविवारच्या मोठ्या राइडला पाय मोकळे असतात.

आणि एक बाजू अशी आहे, जी घड्याळात दिसत नाही. ब्रेव्हेच्या रांगेत उभे राहिलात तर दिसेल की आपल्याकडचे बरेच लोक चाळिशी ओलांडलेले आहेत. या वयात स्नायू दरवर्षी थोडा थोडा उतरतो आणि त्यातही जलद तंतू आधी. हाडांचं तर विचारूच नका. सायकलवर अंगाचं वजन सीट पेलते. हाडांना हादरा मिळत नाही, आणि हादरा नसला की हाड विरळ होत जातं. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात 2008 मध्ये पुरुष सायकलपटू आणि धावपटूंची तुलना झाली. सायकलपटूंपैकी 63 टक्क्यांची हाडं पाठीच्या कण्यात किंवा खुब्यात विरळ निघाली, धावपटूंत 19 टक्क्यांची. हृदय घोड्याचं आणि हाडं आजीची, अशी माणसं सायकलवर असू शकतात, आणि सायकलवरून माणूस कधी ना कधी पडतोच.

गेल्या वर्षी काकांनी हाडांची तपासणी करून घेतली. कण्याचा आकडा चांगला आला नाही. डॉक्टरांशी आणि फिजिओथेरपिस्टशी बोलणं झालं, दोघांनीही हळूहळू वजनं सुरू करायला हरकत नाही असं सांगितलं. एका रविवारी राइड संपल्यावर चहाच्या टपरीवर त्यांनी मला बाजूला घेतलं.

‘‘तू ते स्क्वॉट का काय करतोस ना, मलाही शिकव.’’

‘‘शिकवतो की काका. बुधवारी या.’’

‘‘सुरुवात किती किलोनं करायची?’’

‘‘आधी हातात काही न घेता. महिनाभर खुर्चीवर बसायचं आणि उठायचं, पाठ सरळ ठेवून. मग रिकामा बार.’’

‘‘रिकामा म्हणजे?’’

‘‘प्लेटा न लावता. तो नुसताच वीस किलोचा असतो, काका.’’

काकांनी कप खाली ठेवला, आपल्या मांडीवर हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘बुधवारी किती वाजता?’’